लाखोळीच्या दाण्याएवढं मूत्रपिंड

‘प्रयोगशाळेत किडनी तयार झाली’ ही बातमी मोबाइलवर फिरत फिरत एटापल्ली-भामरागडलाही पोचते आणि काही समजुती सोबत आणते. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलची घरं पुष्कळ, आणि हा रक्तविकार मूत्रपिंडालाही बाधतो, तेव्हा त्या तपासलेल्या बऱ्या.

‘तयार किडनी मिळणार, डायलिसिस संपलं.’ नाही. ऑस्ट्रेलियात मेलिसा लिटल यांच्या गटाने २०१५ साली मानवी मूलपेशींपासून (स्टेम सेल) वाढवलेली ऊती लाखोळीच्या दाण्याएवढी. आपल्या एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्या, हिच्यात शंभरेक. त्याही गर्भातल्या पहिल्या तीन महिन्यांच्या बाळासारख्या कच्च्या, आणि लघवी बाहेर जायला वाटच नाही. एखादं औषध मूत्रपिंडाला मारक आहे का, आनुवंशिक विकारात पेशी कुठे बिघडतात, हे बघायला मात्र ती फार कामाची.

‘त्यासाठी गर्भ लागतो.’ लागतोच असं नाही. शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींनाच मूलपेशी बनवून दाखवलं.

सगळ्यात चिवट समजूत आपल्याकडची: ‘मूलपेशींनी सिकलसेल बरा होतो, मग किडनी का नाही?’ यातलं पहिलं अर्धं खरं आहे. जुळणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी शिरेतून दिल्या, की त्या आपली जागा शोधतात आणि रक्त बनवू लागतात. मूत्रपिंडाचं तसं नाही. तिथे गाळणी, केशवाहिनी, नळी सगळं जिथल्या तिथे जोडलेलं लागतं. ते इंजेक्शनने जोडलं जात नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी मूलपेशींचा उपचार ठरावीक रक्तविकारांसारख्या आजारांपुरताच मान्य केला. बाकी सगळं रीतसर चाचणीतच. किडनीसाठी मूलपेशी टोचून पैसे घेणारा माणूस धंदा करतो, उपचार नव्हे.

गंमत अशी, की इथला सिकलसेलचा आजार प्रयोगशाळेतल्या या ऊतीत नीट दिसतही नाही. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी, क्षार जास्त. तिथे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबतात. बशीतल्या ऊतीत रक्तच वाहत नाही, तर तुंबणार काय? या तुंबण्याने लघवी घट्ट करण्याची ताकद लहानपणीच जाते. म्हणून अंथरूण ओलं करणाऱ्या सिकलसेलच्या पोराला रागावू नका. ती खोड नाही.

दहाव्या वर्षापासून अशा मुलाच्या लघवीतली प्रथिनं दरवर्षी तपासून घ्या. आणि अंग ठणकलं म्हणून डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून मूत्रपिंडाला मारक ठरू शकणारं डायक्लोफिनॅक आणू नका.