सिलिंडरमधील ओरखडे : पारख आणि उपाय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्यापाशी मी गणित शिकलो. पुढे बेळगावच्या उद्यमबागेत इंजिनदुरुस्तीच्या कामात माझी चाळीस वर्षे गेली. साहित्य वा इतिहास यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून ज्या एका गोष्टीची मला थोडीफार जाण आहे, तीच आपणांसमोर ठेवतो : सिलिंडरच्या आतील भिंतीवर उठलेले ओरखडे कसे पारखावेत आणि त्यांवर कोणता उपाय करावा. विषय रूक्ष वाटेल. परंतु आपल्या गावाला तो परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान याच गावात थाटले. १९१० साली ते कुंडलच्या माळावर गेले, तरी या गावाचे लोखंडाशी जडलेले नाते तुटले नाही.

शेतावरचे पाच अश्वशक्तीचे साधे डिझेल इंजिन डोळ्यांसमोर आणावे. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर आणि मिनिटाला १५०० फेरे. याचा अर्थ पिस्टन मिनिटाला तीन हजार धावा घेतो आणि त्याच्या रिंगा तासाला सुमारे वीस किलोमीटर भिंतीला घासत जातात. एवढे घर्षण सोसूनही भिंत टिकते, ती तेलाच्या एका पातळ पापुद्र्यामुळे.

हे तेल गुळगुळीत भिंतीवर ठरत नाही. म्हणून होनिंगच्या दगडांनी भिंतीवर मुद्दाम तिरप्या रेघा ओढतात. त्या एकमेकींना सुमारे ४५ ते ६० अंशांत छेदतात आणि त्यांच्या जाळीत तेल साठून राहते. तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की सिलिंडरमध्ये दिसणारी प्रत्येक रेघ म्हणजे दोष नव्हे. तिरप्या रेघांची जाळी हे आरोग्याचे लक्षण आहे. उलट आरशासारखी चकाकणारी भिंत पाहून नवखा कारागीर खूश होतो, परंतु तेथे तेल धरून ठेवणारी जाळीच पुसून गेलेली असते.

दोष असतो तो उभ्या ओरखड्यांत, म्हणजे पिस्टनच्या धावेच्या दिशेने गेलेल्या चऱ्यांत. त्यांतून दाब खाली निसटतो आणि तेल वर चढते. मग इंजिन निळसर धूर ओकू लागते, ब्रीदरमधून वाफा येतात आणि थंडीत ते लवकर सुरू होत नाही. हेड उतरविल्यावर भिंत पुसून घ्यावी आणि अंगठ्याचे नख ओरखड्यावरून आडवे फिरवावे. नख अडत नसेल, तर बहुधा हलके होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात. नख अडले, तर गाठ मापाशी आहे. ओरखडा रिंगांच्या धावेच्या खाली असेल, तर मात्र तो तितका घातक नसतो.

ओरखड्याचे रूप त्याचे कारणही सांगते. सगळ्या बाजूंनी बारीक उभ्या रेघा असतील, तर हवेवाटे धूळ आत जात आहे. गजन पिनेच्या टोकांसमोरच खोल चर असेल, तर पिनेची सर्कलिप सुटली आहे. पिनेच्या काटकोनातील बाजूस ॲल्युमिनियमचा थर फासल्यासारखा दिसला, तर तेल कमी पडले किंवा इंजिन तापून पिस्टन धरला गेला. एखाद्या ठिकाणी तांबूस खड्डे असतील, तर पाणी शिरून इंजिन बराच काळ बंद राहिले आहे.

यानंतर डायल बोअर गेजने माप घ्यावे. वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी पिनेच्या दिशेने व तिच्या काटकोनात, अशी सहा मापे होतात. वरची रिंग जेथून परत फिरते तेथे झीज सर्वांत अधिक असते, कारण तेथे उष्णता व दाब जास्त आणि तेल कमी. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. माणसाचा केस सुमारे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर जाडीचा असतो. आपला निर्णय त्याच घरातील फरकावर ठरतो. इंजिनाच्या पुस्तकात दिलेली मर्यादा ओलांडली असेल, तर होनिंगने भागत नाही. लायनर असल्यास तो बदलावा, नसल्यास ब्लॉक रिबोअर करावा. ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज म्हणजे प्रत्येक बाजूस केवळ ०.२५. चर याहून खोल असेल, तर तो या मापात निघणार नाही. पिस्टन आधी हातात घ्यावा, त्याचे माप घ्यावे, मगच लोखंड कापावे. कारण कापलेले लोखंड परत लावता येत नाही.

होनिंगनंतर भिंत गरम पाणी व साबण यांनी ब्रशने घासून धुवावी. नुसत्या रॉकेलने रेघांत अडकलेली दगडाची पूड निघत नाही. नंतर तेल लावलेले पांढरे फडके फिरवावे. त्यावर करडा डाग पडत असेल तोपर्यंत धुणे संपले नाही असे समजावे. राहिलेली पूड नव्या रिंगा काही दिवसांत खाऊन टाकते.

आता माझ्या एका चुकीविषयी सांगतो. १९८६ सालच्या उन्हाळ्यात खानापूरकडील एका शेतकऱ्याचे इंजिन माझ्याकडे आले. भिंतीवर सर्वत्र बारीक उभे ओरखडे होते. मी लायनर, पिस्टन, रिंगा असा सगळा संच बदलून दिला. त्यासाठी त्यांनी घरातल्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या, हे मला पुढे कळले. दोन महिन्यांत इंजिन पुन्हा धुरू लागले आणि ऐन वैशाखात भाजीचे पीक पाण्यावाचून करपले. ते माझ्या दारात उभे राहून एवढेच म्हणाले, "मिस्त्री, सगळं नवं घातलंत, मग हे जुन्यागत का झालं?"

उत्तर फिल्टरकडून येणाऱ्या रबरी नळीत होते. खालच्या बाजूने ती चिरली होती आणि त्या फटीतून शेतातली धूळ थेट सिलिंडरमध्ये जात होती. ते ओरखडे मला पहिल्याच दिवशी हे सांगत होते. मी ते वाचले नाहीत. दुसरा संच मी माझ्या खर्चाने बसविला आणि नळीही बदलली. इंजिन पुढे चांगले चालले. करपलेले पीक मात्र मला भरून देता आले नाही.

त्या रात्री मला गुरुजींचा वर्ग आठवला. गणित चुकले, की उत्तर खोडून नवे लिहिण्यास ते मनाई करीत. चूक कोणत्या पायरीवर झाली ते शोधून तेथे खूण केल्यावाचून वही पुढे सरकत नसे. आम्हांला तो जाच वाटे. तेव्हापासून माझ्या यंत्रशाळेत, ओरखड्याचे कारण वहीत लिहिल्याखेरीज नवा सुटा भाग खोक्यातून बाहेर काढावयाचा नाही, असा नियम मी केला. आज माझ्या मागे ती यंत्रशाळा सांभाळणारी मुलेही तो पाळतात. त्यांनी गुरुजींना पाहिलेले नाही.