विद्यापीठांतर : विचार आणि विधी

प्रथम व्यावसायिक परीक्षेचे निकाल लागले, की नागपुरातील वैद्यबंधूंकडून आम्हांस एक प्रश्न हमखास विचारला जातो. मागील खेपेस तो इतवारीतील एका औषधविक्रेत्या स्नेह्यांनी विचारला. त्यांची कन्या परप्रांतात बी.ए.एम.एस. करीत आहे. त्यांना स्वतःला हृदयविकार जडलेला, दुकान पाहणारे दुसरे कोणी नाही. ‘मुलीला नागपुरास आणता येईल काय आणि आणावे काय?’ असे त्यांनी विचारले. हे प्रश्न दोन आहेत, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

पूर्वी आपली महाविद्यालये 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. 1998 मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि संलग्नता तिकडे गेली. त्या वेळी महाविद्यालयेच्या महाविद्यालये स्थलांतरित झाली. आज मात्र विद्यार्थ्याला एकट्याने वाट काढावी लागते. अभिमत विद्यापीठे वगळता राज्यातील आयुर्वेद महाविद्यालये याच विद्यापीठाकडे असल्याने अकोल्याहून नागपुरास येणे हा केवळ महाविद्यालयाचा बदल ठरतो. परप्रांतातून येणाऱ्यास विद्यापीठही बदलावे लागते.

आता विधी. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्रथम व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच स्थलांतर करता येते. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास ते नाही आणि सत्राच्या मध्येही नाही. दोन्ही महाविद्यालयांची व दोन्ही विद्यापीठांची संमती हवी आणि नव्या ठिकाणी जागा रिक्त हवी. म्हणून आधी रिक्त जागेची लेखी खात्री करावी, मगच ना-हरकत पत्रासाठी अर्ज द्यावा. हाती संमती येण्यापूर्वी जुना प्रवेश रद्द करणे म्हणजे निदानापूर्वी शोधन करणे होय.

विचारासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही आपली त्रिविध परीक्षाच पुरेशी आहे. आप्तोपदेश म्हणजे चालू नियम व विद्यापीठाचे लेखी उत्तर, मध्यस्थाचे आश्वासन नव्हे. प्रत्यक्ष म्हणजे नव्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्णांच्या खाटा व पंचकर्म विभाग डोळ्यांनी पाहणे. अनुमान म्हणजे पुढचा हिशेब : उशिरा रुजू झाल्यास 75 टक्के उपस्थिती भरेल काय, शुल्काचा बोजा किती वाढेल, पदव्युत्तर प्रवेशाच्या राज्य कोट्यात काय फरक पडेल. अभ्यासक्रम देशभर समान असला, तरी परीक्षांचे वेळापत्रक समान नसते.

आमच्या स्नेह्यांच्या बाबतीत आम्ही जे सुचविले, ते अनेकांना ठाऊक नसते. आंतरवासितेसाठीही स्थलांतराची तरतूद आहे. विद्यापीठे भिन्न असल्यास दोन्ही महाविद्यालयांची व विद्यापीठांची संमती लागते. म्हणजे साडेचार वर्षांचे शिक्षण तेथेच पूर्ण करून एक वर्षाची आंतरवासिता नागपुरात करण्याचा मार्ग खुला राहतो. मान्यताप्राप्त पदवी परप्रांतातील असली, तरी महाराष्ट्रात नोंदणी होऊ शकते. दुकानासाठी विद्यापीठ बदलणे अपरिहार्य नाही.

स्नेह्यांनी कन्येस विचारले. तिने तेथेच राहण्याचे ठरविले. दुकानासाठी एक अनुभवी फार्मासिस्ट नेमला. प्रत्येकाने असेच करावे, असे आमचे म्हणणे नाही. तथापि जिला शिकायचे आहे तिला न विचारता केलेला निर्णय हा रुग्णाला न तपासता दिलेल्या औषधासारखा असतो, एवढे मात्र वैद्यकुळातील पालकांना वेगळे सांगणे नलगे.