नदी त्यांची, भांडवल दोघांचे

भोसरी-चाकणच्या आमच्या लेथवाल्या बांधवांना टाटा म्हटले की पिंपरीत बनणारे ट्रक आठवतात. पण याच समूहातील टाटा पॉवरने भूतानमध्ये केलेला सौदा व्यापाऱ्यांनी समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते. दगाछू नदीवरचा 126 मेगावॅटचा वीजप्रकल्प 2015 मध्ये सुरू झाला. त्यात भूतानच्या सरकारी ड्रुक ग्रीन कंपनीचा वाटा 59 टक्के, तेथील पेन्शन व भविष्य निर्वाह निधीचा 15 आणि टाटा पॉवरचा 26. म्हणजे नदी ज्यांची, मोठा हिस्साही त्यांचाच! मालाला गिऱ्हाईक आधीच पक्के : वीज टाटांच्याच व्यापारी कंपनीमार्फत भारतात विकायची ठरली.

आपल्या लोणावळ्याला पावसाचे पाणी तलावांत साठवून खाली खोपोलीत 1915 पासून वीज काढतात. दगाछूला तसा मोठा साठा नाही. वाहते पाणी बोगद्यातून वळवायचे, टर्बाइन फिरवून पुन्हा नदीत सोडायचे. मोठ्या धरणासारखी जमीन बुडत नाही, हा फायदा. मात्र थंडीत नदी रोडावली की वीजही रोडावते. हिवाळ्यात भूतान उलट भारताकडून वीज घेतो. पावसाळ्यातली कमाई पाहून भागीदारीत उतरणाऱ्या आमच्या मंडळींनी जानेवारीचा हिशेब आधी विचारावा.

टाटांनी तो बहुधा विचारला असावा. 2024 मध्ये याच दोघांनी 600 मेगावॅटच्या खोर्लोछू प्रकल्पासाठी पुन्हा हात मिळवला, आणि या वेळी टाटांचा वाटा 40 टक्के आहे.