डोंगर चढून बरं वाटतं; बरं होतं का?

आजचा विषय शहापूर-मुरबाडकरांना घरचाच वाटेल. शनिवारी रात्री आसनगाव स्टेशनवर पाठीवर पिशव्या लावून उतरणारी मुलं तुम्ही नेहमी पाहता. कोणी माहुलीला निघालेलं असतं, कोणी डेहण्याहून आजोबाच्या डोंगराला. तिकडे मुरबाडला गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट आहेतच. या मुलांबरोबर गेल्या काही वर्षांत एक शब्दही इकडे आलाय, ‘थेरपी’. डोंगर हीच माझी थेरपी, असं मुलं म्हणतात. म्हणू द्या, माझी हरकत नाही. पण मग पालक विचारतात, “सर, मुलाला डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. त्या बंद करून त्याला ट्रेकिंगला घातलं तर?” इथे मात्र थांबावं लागतं, कारण या प्रश्नात एका मुलाचा जीव अडकलेला असतो. मी डॉक्टर नाही, तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे. शब्द सुटे करून बघणं एवढंच माझं काम.

आपल्या भाषेत ‘बरं वाटणं’ आणि ‘बरं होणं’ असे दोन वेगळे प्रयोग आहेत. ताप उतरायची गोळी घेतली की बरं वाटतं. टायफॉइड त्याने बरा होत नाही. डोंगराच्या बाबतीत या दोन गोष्टींची सरमिसळ होते, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

निसर्गात बरं वाटतं, याबद्दल वाद नाही. रॉजर उलरिच या संशोधकाने 1984 साली एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, त्यांच्या 23 जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जालीम औषधंही कमी लागली. पुढे 1989 मध्ये रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने याचं एक स्पष्टीकरण मांडलं. आपलं लक्ष दोन तऱ्हांचं असतं. एक ओढून लावावं लागतं. हिशेब, परीक्षा, लोकलच्या गर्दीत फोनवर बोलणं. ते थकतं. दुसरं आपणहून लागतं. वाहतं पाणी, ढगांची सावली, पानांची सळसळ. हे दुसरं चालू असताना पहिल्याला विसावा मिळतो. माळशेजच्या धुक्याकडे बघत बसलेल्या माणसाचा चेहरा सैल का होतो, ते यावरून कळतं.

पण हा विसावा झाला. आता ‘साहस’ या शब्दाकडे येऊ. कुर्ट हान नावाचे एक जर्मन शिक्षक होते. हिटलरला विरोध केला म्हणून 1933 मध्ये तुरुंगात गेले, सुटल्यावर ब्रिटनला आले. दुसऱ्या महायुद्धात लॉरेन्स होल्ट या जहाज कंपनीच्या मालकाला एक गोष्ट खटकत होती. जहाज बुडाल्यावर धडधाकट तरुण खलाशी दगावत होते आणि त्यांच्या मानाने जुने, वयस्क खलाशी तगत होते. शरीराचा कस तरुणांकडे जास्त. कमी होता तो ‘मी यातून निघेन’ हा अनुभवातून आलेला भरवसा. तो भरवसा घडवण्यासाठी दोघांनी 1941 मध्ये वेल्समधल्या ॲबरडोवी इथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली. आज जगात साहसावर आधारलेले जे उपचार चालतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं मूळ इथे सापडतं. लक्षात घ्या, हान शिक्षक होते. त्यांना माणसं घडवायची होती, आजार बरे करायचे नव्हते.

आजाराशी संबंध त्याहून जुना आहे, आणि तो योगायोगाने जुळला. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन राज्य मनोरुग्णालयात 1901 मध्ये क्षय झालेल्या रुग्णांना इतरांपासून वेगळं ठेवायचं म्हणून आवारात तंबू ठोकून त्यात हलवलं. तंबूंत त्यांची मनःस्थितीही सुधारू लागली, आणि परत इमारतीत नेल्यावर काहींची घसरली. आपलं ठाण्याचं मनोरुग्णालयही त्याच 1901 सालचं. कारण मात्र उघडं राहिलं: झाडं, हवा, की तंबूंत रुग्ण थोडे म्हणून सेवकांचं जास्त लक्ष?

मला तिसऱ्या शक्यतेत तथ्य वाटतं. एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईंना पॅनिकचे झटके येतात. छातीत धडधडलं की वाटतं, आता आपण मरणार. हळूहळू त्या जिना चढायलाही घाबरू लागतात. अशा बाईंना माहुलीच्या वाटेवर नेलं तर काय होईल? अर्ध्या तासात धडधड सुरू होईल, श्वास लागेल, घाम फुटेल. म्हणजे झटक्याची सगळी लक्षणं हजर! त्या क्षणी शेजारी जाणकार माणूस असेल, तर तो पळ काढू देत नाही आणि पुढे ढकलतही नाही. तो म्हणतो, “बसा. धडधड कशी उतरते ते बघू या.” पाच-दहा मिनिटांत ती उतरते. बाईंना पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या छातीतून कळतं की धडधड म्हणजे मरण नव्हे. असं पुन्हा पुन्हा, पायरीपायरीने. हा झाला उपचार. आणि तो जाणकार शेजारी नसेल, उलट ग्रुपमधली मुलं “काकू, चला पटापट” म्हणत असतील, तर त्याच वाटेवर त्याच बाईंची भीती दुप्पट पक्की होईल. डोंगर दोन्ही वेळेला तोच.

‘थेरपी’ हा शब्द ग्रीक ‘थेरापेइया’वरून आला, आणि त्याचा एक अर्थ सेवाशुश्रूषा. आपला ‘उपचार’ही तसाच, जवळ जाणं, सेवा करणं. षोडशोपचार पूजा म्हणतो, त्यातला उपचार हाच. दोन्ही शब्दांत जवळ येणारा कोणीतरी आहे. डोंगर जवळ येत नाही हो. तो जागा देतो.

आता गोळ्यांचं. नैराश्याच्या गोळ्या एकाएकी सोडल्या तर चक्कर, झोप उडणं, बेचैनी असा त्रास होऊ शकतो आणि आजार उलटू शकतो. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं, तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं. काही मनोविकारविरोधी औषधांनी शरीराला उष्णता सोसेनाशी होते. एप्रिल-मेमध्ये माहुलीच्या उघड्या सोंडेवर हे किती महाग पडेल, सांगायला नको. आणि रात्रीचा ट्रेक! शेवटची कसारा लोकल पकडायची, रात्रभर चालायचं, सूर्योदय वर बघायचा. मजा असते, कबूल. पण बायपोलर आजारात झोपेचं खोबरं झालं की उन्मादाचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला त्यातल्या त्यात हाच प्रकार सगळ्यात वाईट.

दुसरा धोका जबरदस्तीचा. अमेरिकेत बिघडलेल्या मुलांना रानात नेऊन ‘सुधारण्याचा’ मोठा धंदा उभा राहिला. युटा राज्यात 1994 मध्ये अशाच एका शिबिरात सोळा वर्षांचा मुलगा मेला. पोटात दुखतंय म्हणून तो सांगत होता, सोबतच्यांना ते सोंग वाटलं. पुढे 2007 मध्ये अमेरिकी संसदेपुढे अशा मृत्यूंचा सरकारी अहवाल आला. म्हणून माझी कसोटी साधी आहे: ‘मला खाली जायचंय’ असं म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर खरंच खाली आणतात का? आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचाराला समजून-उमजून दिलेल्या संमतीला मोठं स्थान आहे. डोंगरावर गेल्यावर ती संमती पायथ्याशी ठेवून यायची नसते.

जाता जाता एक. तानसा, भातसा इथलं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. आता मुंबईची मनःशांतीही इथूनच जायची असेल, तर हिशेब विचारायला हवा. ज्या रानात शहरातल्या मुलाला मोकळं वाटतं, तिथेच कातकरी बाई मोळीचं ओझं वाहते, आणि दिवाळीनंतर तिचं कुटुंब वीटभट्टीवर जातं. कॅप्लन म्हणतात, रोजच्यापासून दूर जाण्यात विसावा आहे. मग तिचा विसावा कुठे? निदान वाटाड्या ठाकर पोरगा शिबिरातला हमाल नसावा. रुग्ण केव्हा थकला, केव्हा परतायचं, हे त्याला शिकवा, त्याचा शब्द अखेरचा माना आणि त्याला नीट मजुरी द्या.

तर त्या पालकांना माझं सांगणं: आधी मुलाच्या डॉक्टरांना विचारा, मग मुलालाच विचारा. हो म्हणाला तर दिवसाउजेडी न्या, चार-सहा जणांत, थंडीच्या दिवसांत. पहिल्या खेपेला माहुलीच्या पायथ्याच्या देवळापर्यंतच. बरोबर पाणी भरपूर, आणि गोळ्यांची डबी पिशवीच्या वरच्या कप्प्यात. चला, आता प्रश्न घेऊ.