वेळ काढायची की खेळायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कविता लिहिणारा माणूस. खेळाविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की नांदेडच्या शाळेत असताना मी कबड्डी खेळत असे आणि माझा दम लांब होता. एका श्वासात मी इतर पोरांच्या दीडपट वेळ 'कबड्डी कबड्डी' म्हणू शकत असे.

१९८५ च्या सुमाराची गोष्ट. आंतरशालेय स्पर्धेचा शेवटचा सामना. वेळ संपायला पाच-सहा मिनिटं उरली होती आणि आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. समोरचा संघ आमच्यापेक्षा सरस होता, हे आम्हालाही ठाऊक होतं. सरांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "आता गडी मारायच्या भानगडीत पडू नकोस. निदान रेषा ओलांड, दम संपेपर्यंत तिथंच घुटमळ आणि परत ये." मी तेच केलं. प्रत्येक चढाईत निदान रेषेला पाय लावून यायचो. कुणाला शिवायला गेलो नाही, कुणाच्या हाती लागलो नाही. समोरची पोरं चिडली, प्रेक्षकांतून शिट्ट्या आल्या. आम्ही एका गुणाने जिंकलो.

माझे वडील उस्मानशाही मिलमध्ये कामाला होते. पाळी संपवून ते सामना बघायला आले होते. घरी जाताना सायकल हातात धरून चालत होते. बराच वेळ गप्प होते, मग एवढंच म्हणाले, "जीते तो सही बेटा, खेले कहाँ?"

वडिलांच्या या प्रश्नाने एकेकाळी अमेरिकेतल्या बास्केटबॉलपुढे मोठंच संकट उभं केलं होतं. बास्केटबॉलमध्ये चेंडू ज्यांच्या हाती, ते गुण करू शकतात. पण पूर्वी व्यावसायिक सामन्यांतही चेंडू किती वेळ हातात ठेवावा, याला बंधन नव्हतं. पुढे असलेला संघ आपापसांत चेंडू फिरवत बसे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्स आणि मिनियापोलिस लेकर्स यांच्यात सामना झाला. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा उंचापुरा, भारी खेळाडू होता. त्याला चेंडू मिळूच नये म्हणून पिस्टन्सनी तो आपल्याकडेच ठेवला. ४८ मिनिटांच्या खेळानंतर निकाल लागला १९ विरुद्ध १८. पिस्टन्स जिंकले, पण पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांनी पाहिलं काय?

यावर तोड काढली सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी. त्यांचा हिशेब अगदी दुकानदारी होता. चांगल्या, रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू टाकतात. ४८ मिनिटांचे सेकंद होतात २८८०. त्याला १२० ने भागा, उत्तर येतं २४. म्हणून नियम झाला की चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत बास्केटकडे टाकलाच पाहिजे. १९५४ मध्ये हा नियम लागू झाला आणि एका संघाची सामन्यामागची सरासरी सुमारे ७९ गुणांवरून ९३ वर गेली. यालाच 'शॉट क्लॉक' म्हणतात. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये १९५६ पासून ३० सेकंद होते, २००० साली तेही २४ झाले.

शाळांचा प्रश्न मात्र तिथंही सहज सुटला नाही. अमेरिकेतल्या शालेय क्रीडा महासंघाने २०२१ मध्ये ठराव करून २०२२-२३ च्या हंगामापासून ३५ सेकंदांच्या घड्याळाला परवानगी दिली, पण सक्ती केली नाही. ते वापरायचं की नाही, हे प्रत्येक राज्यावर सोडलं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही टाकाऊ नाही. घड्याळाला खर्च येतो, ते चालवायला शिकलेला माणूस लागतो. शिवाय ज्या लहान शाळेकडे उंच, तयारीचे खेळाडू नाहीत, तिच्या हातात वेळ काढणं हे एकच हत्यार असतं. तेही काढून घ्यायचं का? मी स्वतः त्या दुबळ्या संघातला होतो, त्यामुळे हा मुद्दा मला नीट कळतो.

आता आपल्या कबड्डीकडे या. खरं म्हणजे आपल्या खेळात घड्याळ पहिल्यापासूनच होतं. चढाई करणाऱ्याचा श्वास हेच ते घड्याळ. दम सुटला की गडी बाद. पण हे घड्याळ एका चढाईपुरतंच. एकामागून एक रिकाम्या चढाया करत राहिलं, तर त्याला अडवणारं काही नव्हतं. त्याच फटीतून मी त्या दिवशी निसटलो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा तिथं ही फट बुजवली गेली. चढाईला ३० सेकंद, आणि एका संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवायलाच हवा. नाही मिळाला तर गडी बाद आणि समोरच्यांना एक गुण. अर्थात माणसाची अक्कल नियमाच्या पुढे धावते. काही संघ मुद्दाम दोन चढाया रिकाम्या घालवतात आणि तिसरीत पकड करण्यासाठी सापळा लावतात. म्हणजे वेळ काढणं संपलं नाही, फक्त त्याला हद्द आली.

पण मला या नियमाचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणानं. त्याला यंत्र लागत नाही. गुणलेखकाने वहीत दोन रेघा ओढल्या आणि "तिसरी!" असं ओरडून सांगितलं की झालं. खेड्यातल्या शाळेच्या मातीच्या मैदानावरही ते जमतं.

मागे मी एका शालेय सामन्याला गेलो होतो. मुलींचा सामना होता आणि तिथं तिसरी चढाई मोजली जात होती. पुढे असलेल्या संघातली एक बारकीशी मुलगी चढाईला निघाली आणि टेबलावरून "तिसरी" अशी हाक आली. ती मध्यरेषेवर क्षणभर थबकली. मग थेट कोपऱ्यातल्या गड्यावर गेली आणि पकडली गेली. तो गुण गेला, थोड्या वेळाने सामनाही गेला. पण बाहेर आल्यावर तिच्या मैत्रिणी तिच्या पाठीवर थापा मारत होत्या, आणि तीही हसत होती.

मला माझे सर आठवले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. नियमात जे बसत होतं तेच त्यांनी सांगितलं, आणि संघ जिंकावा ही त्यांची इच्छा रास्तच होती. पण मी ती ढाल घेऊन घरी आलो तेव्हा मला असं हसता आलं नव्हतं. म्हणून शाळा-शाळांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. घड्याळ परवडत नसेल तर राहू द्या, पण गुणलेखकाच्या वहीत त्या दोन रेघा मात्र ओढायला लावा. चौदा वर्षांच्या पोराला जिंकण्याइतकंच खेळायलाही मिळालं पाहिजे.