बेरीज-वजाबाकीने रुंद होणारे गाणे

दोन स्पीकरांवर स्टीरिओ गाणे ऐकताना गायकाचा आवाज बरोबर मधून येतो. पण मध्ये तर स्पीकर नसतोच! दोन्हींकडून सारखाच आवाज एकाच वेळी कानांवर आला, की मेंदू त्याची जागा मध्यभागी ठरवतो. एकीकडचा आवाज मोठा असेल, तर ही जागा तिकडे सरकते.

ध्वनिमुद्रण पुरे झाल्यावर हा पसारा कमी-जास्त करता येतो का? येतो, आणि त्याला साधे अंकगणित पुरते. या युक्तीचे मूळ ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइन याने १९३१ साली दाखल केलेल्या पेटंटमध्ये आहे.

डाव्या व उजव्या संकेतांच्या बेरजेची निमपट म्हणजे 'मध्य' आणि वजाबाकीची निमपट म्हणजे 'बाजू'. समजा, एका क्षणी व्हायोलिनचा संकेत डावीकडे ८ व उजवीकडे २ आहे. मध्य झाला ५, बाजू ३. आता फक्त बाजू दीडपट, म्हणजे ४.५ करा. मध्य अधिक बाजू, डावा झाला ९.५, मध्य उणे बाजू, उजवा ०.५. व्हायोलिन आणखी डावीकडे गेले! गायकाचा संकेत दोन्हीकडे ५, म्हणून त्याची बाजू शून्य. शून्याची दीडपट शून्यच. गायक जागचा हलत नाही.

मग बाजू हवी तेवढी वाढवावी का? दुप्पट करून पाहा. उजवीकडे −१ येतो. ऋण संकेत म्हणजे उलटा तरंग. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. हे फार झाले, की आवाज नेमका कुठून येतो ते कळेनासे होते. शिवाय एकाच स्पीकरच्या रेडिओत डावा-उजवा एकत्र होतात. एखादे वाद्य डावीकडे ४ आणि उजवीकडे −४ असेल, तर बेरीज शून्य. ते वाद्य ऐकूच येणार नाही! म्हणून जाणकार तंत्रज्ञ गाणे एका स्पीकरवरही ऐकून पाहतात.

स्टीरिओ रेकॉर्डच्या खाचेत मध्य संकेताने सुई आडवी हलते, बाजूच्या संकेताने वर-खाली. बाजूच्या संकेतात जोरदार खर्ज असेल, तर सुई उडू शकते. म्हणून खर्ज मध्येच ठेवतात. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ३.४ मीटर असते. खोलीत अशा खर्जाची दिशा कानाला नीट कळत नाही, त्यामुळे फारसे बिघडत नाही.

संगणकावर ध्वनिसंपादनाची सोय असेल, तर एखाद्या स्टीरिओ गाण्याचा उजवा संकेत उलटा करून तो डाव्यात मिसळा. बहुतेक गाण्यांत गायक जवळजवळ नाहीसा होईल. पण त्याच्या आवाजाचा घुमारा मागे राहील. तो का राहिला असेल? विचार करा!