भाड्याची खोली आणि पुराचा गिलावा

‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. भाडेकरू ठेवणारा त्यात भर घालील, ‘आणि दुरुस्त करून!’ त्यातून घर कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूला असलं तर बोलायलाच नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पाणी उतरलं की भिंती गिलावा सोडतात, दारं फुगतात, वायरिंग नव्यानं करावं लागतं.

आमच्या गल्लीतल्या एका आक्कांनी भाड्याच्या दोन खोल्या अशाच दुरुस्त केल्या. खर्च दीड लाख. त्यांनी मला विचारलं, “दादा, एवढी बिलं आहेत. मग यंदा भाड्यावर कर नसंल न्हवं?”

मला ‘तसं नाही’ म्हणावं लागलं. दुरुस्ती, भाडेवसुली वगैरेंच्या वेगवेगळ्या वजावटी पूर्वी होत्या. २००१ च्या वित्त कायद्यानं त्यांच्या जागी सरसकट ३० टक्के वजावट आणली. समजा, वर्षाचं भाडं ७२,००० रुपये आणि मालकानं भरलेला घरफाळा २,०००. उरले ७०,०००. त्यातले २१,००० वजा. ४९,००० उत्पन्नात धरायचे. दुरुस्तीला दीड लाख लागोत की एक पैही न लागो, वजावट २१,००० च!

म्हणजे भिंतीला हात न लावणारा आणि भाडेकरूसाठी खोली कोरडी-नेटकी ठेवणारा, दोघे कायद्याला सारखेच. हिशेब सोपा झाला खरा. पण ओल मात्र भाडेकरूच्या वाट्याला आली.

तरी मालकानं काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुरुस्तीसाठी कर्ज काढलं असेल, तर भाड्याच्या खोल्यांपुरतं त्याचं व्याज ३० टक्क्यांखेरीज वेगळं वजा होतं. नवी खोली किंवा नवा स्लॅब अशी कायमची भर घातली, तर त्याची बिलं जपावीत. पुढे घर विकताना तो खर्च नफ्यातून वजा मागता येतो. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी मात्र त्यात बसत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. ज्या वर्षी पूर येत नाही, त्या वर्षीही ३० टक्के वजावट मिळतेच. तेवढी रक्कम भाड्यातून काढून वेगळ्या खात्यात टाकावी. त्या वजावटीत घराच्या देखभालीचा खर्चही धरलेला आहे. नदी काही आर्थिक वर्ष बघून येत नाही. आपली तयारी मात्र दरवर्षीची हवी.